सगुणा, तू दिलंस की वाढलंस?

सगुणा, तुला मातीत ठेवून घरी आले आणि हातपाय धुतल्यावर पहिलं काम केलं ते तुझी पिशवी रिकामी करायचं. दवाखान्यातून निघताना ती माझ्याच खांद्याला राहिली होती. गीतांचं पुस्तक, सर्दीच्या गोळ्या, भवानीनगरच्या कुणाच्या तरी बाळाचं टोपडं, कागदाच्या पुडीत काळ्या मनुका, आणि सगळ्यांत खाली माझा चष्मा. गेल्या नाताळापासून मी तो शोधत होते. कपाटाचे सगळे कप्पे उपसून पुन्हा लावले होते, आणि तू समोर चहा पीत बसून मला म्हणाली होतीस, "तू वस्तू जाग्यावर ठिवत न्हाईस, त्याला कोन काय करनार?" मला! चष्मा हातात घेऊन मी मोठ्यानं म्हणाले, "बघ, कुठं सापडला." आणि मग घरात कोणीच काही बोललं नाही.

हे तुला लिहिते आहे, पण वाचणार आहेत माझी नातवंडं, एस्तेर आणि नोहा, हे आधीच सांगून ठेवते. त्यामुळे तुला ठाऊक असलेल्या गोष्टीही मध्ये मध्ये सांगाव्या लागतील. तू म्हणशील, "मला कशाला सांगतीस, मी तिथंच हुते की." तेवढं चालवून घे.

परवा कॅनडाहून एस्तेरचा फोन आला. ती सुट्टीत आली होती तेव्हा तू तिला बारामती-इंदापूर गाडीत खिडकीची जागा मिळवून दिली होतीस, आणि त्यासाठी एका धडधाकट माणसाला "दादा, लेकरू परदेशातनं आलंय, त्याला ऊस बघू द्या" म्हणून उठवलं होतंस. तू गेल्याचं ऐकून ती रडली. मग डोळे पुसून तिनं विचारलं, "आजी, सगुणाआजी पास्टर होती ना?"

मी म्हणाले, "नाही." आणि लगेच म्हणाले, "म्हणजे, होती."

"एक काहीतरी सांग ना, आजी."

तिच्या तिकडच्या चर्चमध्ये पास्टर बाईच आहेत. त्यांचा मुलगा एस्तेरच्या वर्गात आहे. त्यामुळे तिला तो प्रश्न अगदी साधा वाटला. मी बारामतीत इतकी वर्षं मुलामुलींना इंग्रजी शिकवलं, एका वाक्यात उत्तरे लिहा म्हणून पेपर काढले, आणि मला एका वाक्यात उत्तर देता आलं नाही. "लिहून पाठवते," असं सांगून मी फोन ठेवला.

तेव्हा मुलांनो, आधी शब्द समजून घ्या. आपल्या मंडळीत पास्टरला पाळक म्हणतात आणि पाळकांच्या बायकोला पाळकीणबाई. पाळक व्हायला शिक्षण लागतं, दीक्षा लागते, बिशपसाहेब डोक्यावर हात ठेवतात. पाळकीणबाई व्हायला लग्न लागतं.

तूही तशीच पाळकीणबाई झालीस, सगुणा. तुझे यजमान इंदापूरला पाळक होते आणि ऐन उमेदीत तापानं गेले. पाळकांचं घर नव्या पाळकांसाठी रिकामं करून तू भवानीनगरला कारखान्याजवळ एक खोली घेतलीस. माहेरी जाशील असं सगळ्यांना वाटलं होतं. तू गेली नाहीस. आधी रविवारची मुलांची शाळा घेतलीस, मग बायकांच्या प्रार्थना, मग आजाऱ्यांकडे जाणं, मग रुसलेल्या सुना परत आणणं, मग लोणी देवकरला कारखान्यांत कामाला आलेल्या आपल्या लोकांची पाच-सात घरं होती त्यांना दर बुधवारी गोळा करणं. पाळकांना महिन्यातून एकदा जमायचं तिथं तू आठवड्याला जायचीस. पाळक बदलत गेले. त्यांच्या बायका आल्या, गेल्या. त्यांना लोक "नव्या पाळकीणबाई" म्हणायचे. नुसतं "पाळकीणबाई" म्हटलं की ती तू.

माझ्या दारात तू पहिल्यांदा आलीस ते "सलाम बाई" म्हणत, आणि पिशवीतून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक काढलंस. यजमानांच्या पुस्तकांतलं, बायबलवरचं भाष्य होतं. "हे मला वाचून सांगा. कोकरांचं पान हितं कुठंतरी हाय," म्हणालीस. तुला इंग्रजी येत नव्हतं आणि मला कोकरांचं काही ठाऊक नव्हतं. मी वाचून मराठीत सांगायचे, तू डोळे मिटून ऐकायचीस. मध्येच हात वर करायचीस. "थांब. हे मराठी न्हाय. हे इंग्रजीला नऊवारी नेसवलंय." मग तेच तू तुझ्या बोलीत सांगायचीस आणि मला पहिल्यांदा कळायचं की त्या पानावर काय लिहिलंय. अहो-जाहो कधी गळून पडलं ते आठवत नाही. बहुतेक भांडता भांडता.

तुला उपदेशाला कधी उभं केलं नाही. साक्ष द्यायला मात्र बोलवायचे. एस्तेर, साक्ष म्हणजे देवानं माझ्यासाठी काय केलं ते आपल्या जागेवरून उठून थोडक्यात सांगणं. सगुणा, तुझं थोडक्यात! वरच्या पायरीवर व्यासपीठ, खाली पेटीवाल्याशेजारी तू. एका रविवारी तू साक्षीला उभी राहिलीस आणि मेंढपाळावर बोललीस. एस.टी. स्टँडवर तुला एक धनगराची म्हातारी भेटली होती. तिचे लेक आता शेती करतात, एक ट्रॅक्टर चालवतो, पण ती स्वतः तरुणपणी कळपाबरोबर गावोगाव हिंडलेली.

"मी तिला इचारलं," तू सांगत होतीस, "आजी, मेंढरं चालताना तुमी कुठं असायचा? ती म्हनली, बापय मेंढरं घिऊन पुढं. आमी मागं. घोड्यावर समदा संसार, आणि ज्याला चालवत न्हाय ते कोकरू काखंत. मी म्हनलं, मंग राखन कोन करायचं? ती मला हसली. म्हनली, पोरी, जे चालतंय त्याला हाकतात. जे चालत न्हाय त्याला राखतात."

तू खाली बसलीस. तेव्हाचे पाळकसाहेब भले माणूस होते, ते उठून म्हणाले, "साक्षीबद्दल आभार." आणि मग त्यांनी उपदेश केला, तो बिचाऱ्यांचा कुणाच्याच लक्षात राहिला नाही. बाहेर आल्यावर मी तुला म्हणाले, "ही साक्ष नव्हती. हा उपदेश होता."

"असू दे की. पोचला न्हवं?"

"पण त्याला उपदेश म्हणायला हवं."

"तू म्हन. मी कुठं अडवलंय?"

आपल्या भांडणाची सुरुवात इथून. खरं भांडण मात्र हिराबाईंवरून झालं, आणि ते तुझ्या शेवटच्या दिवसापर्यंत मिटलं नाही.

ते सांगण्याआधी शनिवारचं सांगायला हवं. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असायचं. येशूनं शिष्यांबरोबर घेतलेल्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट. मुलांनो, तुमच्याकडे त्याच्या बाटल्या दुकानात मिळत असतील. आमच्याकडे तो रस सगुणा करायची. आदल्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरात काळ्या मनुका भिजत टाकायच्या, उकळायच्या, मऊ फडक्यातून पिळून घ्यायच्या. बिनमिठाची चपाती लाटायची, भाजायची, तिचे इवले इवले चौकोन कापायचे. मी अंगठ्याएवढे पेले धुऊन, पुसून रांगेत मांडायची. तू त्यांतला एक तरी वाकडा करून ठेवायचीस, मला चिडवायला. दुसऱ्या दिवशी हे सगळं मेजावर पांढऱ्या कापडाखाली जायचं, पाळक पुढे होऊन ती ठरलेली वाक्यं म्हणायचे, भाकर मोडायचे, लोकांना द्यायचे. ती वाक्यं म्हणायचा अधिकार फक्त दीक्षा घेतलेल्यांना. विधी झाला की पेले पुन्हा आपल्याकडे, धुवायला.

हिराबाई लोणीला लेकीकडे राहत होत्या. लेक सुनंदा तिथल्या एका कारखान्यात पॅकिंगला होती. हिराबाईंची दृष्टी गेलेली, अंथरुणाला खिळलेल्या. त्यांना शेवटचं एकदा प्रभुभोजन घ्यायचं होतं. एका शनिवारी सुनंदाचा मला फोन आला, "आई पाळकांना बोलवा म्हनती, आता जास्त येळ न्हाय." पाळकसाहेब दौंडकडे एका लग्नाला गेले होते. त्यांनी मला फोनवर अगदी कळवळून सांगितलं, "उद्या उपासना झाली की तडक जातो." तू माझ्या ओट्यापाशी रस गाळत होतीस. सगळं ऐकलंस. एका बाटलीत रस ओतलास, एक चपाती फडक्यात गुंडाळलीस, पिशवी उचललीस.

"कुठं निघालीस?"

"हिराबाईला भेटून येते."

रविवारी उपासनेआधीच हिराबाई गेल्याचं कळलं. आणि सोमवारपर्यंत शेजारच्या खोल्यांतून बातमी आली की पाळकीणबाईंनी त्यांना प्रभुभोजन दिलं.

पंचकमिटी बसली. मी त्या कमिटीत महिला प्रतिनिधी होते, म्हणजे एक. पाळकसाहेब होते, आणि जुने पंच तात्या. तात्या साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, आवाज यंत्रांच्या खडखडाटात बोलून चढलेला. मनानं वाईट नाहीत. नियम म्हणजे नियम, एवढंच. मी रात्र जागून तुझ्या बाजूनं मुद्दे काढून आले होते. एकही वापरायची वेळ तू येऊ दिली नाहीस.

"पाळकीणबाई, सरळ इचारतो," तात्या म्हणाले. "हिराबाईला प्रभुभोजन तुमी दिलं का?"

"न्हाय, तात्या."

"न्हाय? मग शेजारपाजार खोटं बोलतोय व्हय?"

"खोटं कशापाई बोलतील? त्यांनी बघितलं ते सांगितलं. पन मी दिलं न्हाय. वाढलं."

"म्हंजी?"

"म्हंजी वाढलं. बाई भुकेली हुती, माझ्यापाशी हुतं, मी वाढलं. देनारा येगळा हाय, तात्या. आपले पाळकसायब देत्यात तवाबी त्योच देतो. मी आपली वाढपी."

"शब्दात पकडू नका, बाई."

"मी कुठं पकडते? शब्दात तर तुमी मला धरून आनलंय. आता वाढायलाबी बायकांना बंदी असंल तर तसं सांगा. नाताळच्या पंगतीत मग बादली घिऊन तुमी फिरा, आमी पाट धरून बसतो."

पाळकसाहेबांना हसू आवरेना. तात्याही शेवटी हसले. मग असं ठरलं की लोणीत जे झालं ते प्रभुभोजन नव्हे, आजारी बाईला मायेनं भरवलेला घास समजावा, आणि यापुढे सांभाळून असावं. चहा आला. तू दोन कप प्यायलीस. माझ्या कपावर साय धरली.

स्टँडपर्यंत मी एक शब्द बोलले नाही. मग बोलले ते सगळंच. "तू होय असं का म्हणाली नाहीस? दिलं म्हणायचंस. मी होते ना तिथं. इतकी वर्षं सगळं तू करतेस, आणि नाव घ्यायची वेळ आली की तू वाढपी!"

"आणि व्हय म्हनले असते तर?"

"तर त्यांना उत्तर द्यावं लागलं असतं."

"त्यांनी उत्तर दिलं असतं. माझं फिरनं बंद केलं असतं. तू कमिटीतनं उठून घरी जाशील, नलू. मला बुधवारी लोणीला जायाचंय."

"आणि सुनंदाचं काय? तिच्या आईची शेवटची इच्छा होती ती. आता कमिटीनं ठरवलं, ते प्रभुभोजन नव्हतंच. मग हिराबाई काय घेऊन गेल्या? मनुकांचं पाणी? त्या पोरीनं जन्मभर काय समजायचं? तुझ्या त्या वाढण्यानं कमिटी सुटली, तू सुटलीस. सुनंदा?"

तू पहिल्यांदा गंभीर झालीस. "सुनंदाचं माझ्यावर सोड."

"काय सांगितलंस तिला?"

"गाडी लागली," म्हणालीस आणि चढलीस. उत्तर द्यायची वेळ आली की तुझी गाडी बरोबर लागायची. एरवी तासभर उभं राहावं लागे.

त्यानंतर किती शनिवारी आपण तेच भांडण उकरून काढलं! फडकं पिळता पिळता मी म्हणायची, "हे आपण भिजवायचं, आपण उकळायचं, आपण लाटायचं, आपण धुवायचं. मधली ती चार वाक्यं तेवढी आपली नाहीत." तू म्हणायचीस, "त्या वाक्यापायी रस सांडशील, खाली बघ." मी म्हणायची, सुनंदा चर्चमध्ये कधी तोंड उघडत नाही, मागच्या बाकावर बसते, उठून जाते, त्याचं कारण तेच. तू म्हणायचीस, "ती तिच्या आईवानी हाय, कमी बोलती." मला ते पटायचं नाही. मला नेहमी वाटायचं, तू स्वतःला लहान करून सगळ्यांची सोय बघितलीस आणि त्यात त्या मुलीची आई रिकाम्या हातानं गेली. हे मी तुला शब्दाशब्दानं ऐकवलं आहे. एकदा तर तू लाटणं ठेवून म्हणालीस, "तू माझी बाजू घेतीस का तात्यांची, मला कळंना झालंय."

याच तुझ्यावर मी रागावत होते आणि याच तुझ्या आधारानं जगत होते. आमचे हे गेले तेव्हा भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली होती. सगळे छान छान बोलून गेले. तू आलीस आणि काही न बोलता माझ्या कपाटातल्या बरण्यांची झाकणं बदलून टाकलीस. डाळीचं तांदळाला, साखरेचं रव्याला. तीन दिवसांनी माझ्या ध्यानात आलं आणि मी तुझ्यावर असा काही आवाज चढवला की शेजारीण धावत आली. ओरडता ओरडता मी रडायला लागले, ते गेल्यापासून पहिल्यांदा. तू माझं डोकं मांडीवर घेतलंस आणि म्हणालीस, "आता जेव." ही पद्धत कुठल्या शास्त्रात शिकवतात मला ठाऊक नाही. पण मी तेव्हा कुणाच्या तरी काखेत होते, एवढं कळत होतं.

शेवटच्या आजारात बारामतीच्या दवाखान्यात एक चुणचुणीत नर्स तुझी माहिती लिहून घेत होती. "आजी काय काम करायच्या?" तिनं मला विचारलं. मी घुटमळले. ती म्हणाली, "गृहिणी लिहू का?" तू झोपली आहेस असं आम्हाला वाटत होतं. डोळे न उघडता म्हणालीस, "लिव्ह बाय. घरं लई हायत माझी."

त्या दिवशी दुपारी मी तुला शेवटचं विचारलं. भांडायला नव्हे गं. मला खरंच जाणून घ्यायचं होतं. "सगुणा, हिराबाईंना तू दिलंस की वाढलंस?" तू माझ्याकडे पाहिलंस आणि माझ्या हातावर थोपटलंस, जसं लहान मुलाला थोपटतात. उत्तर दिलं नाहीस. गाडी लागायला हवी होती बहुधा. ती लागली.

काल रविवार होता. उपासनेत तुझ्यासाठी वेळ ठेवला होता. आताचे पाळक तरुण आहेत, तुझ्या हातची मनुकांची चव घेऊनच ते इथं रुळले. त्यांनी म्हटलं, ज्यांना साक्ष द्यायची आहे त्यांनी द्यावी. एकेक जण उठला. मायाळू होत्या. नम्र होत्या. कष्टाळू होत्या. यजमानांच्या मागे त्यांनी मंडळीला आईची माया दिली. मी बाकाची कड धरून बसले होते. सगळं खरं होतं आणि त्यांतलं एकही वाक्य तू नव्हतीस.

मग मागच्या बाकावरून सुनंदा उठली.

आम्ही सगळ्यांनी वळून पाहिलं. ती पुढे आली नाही, तिथंच उभी राहिली. आवाज बारीक होता पण ऐकू येत होता.

"माझ्या आईला शेवटी दिसत न्हवतं," ती म्हणाली. "सकाळपासनं ती एकच इचारत हुती, पाळक आले का, पाळक आले का. मी म्हनायची, येत्यात. दुपारी पाळकीणबाई आल्या. पिशवी ठिवली, हात धुतलं, पदर घेतला. आईला चाहूल लागली. तिनं परत इचारलं, पाळक आले का? पाळकीणबाईंनी माझ्याकडं बघितलं. मग आईचा हात हातात घेतला आणि म्हनल्या, व्हय हिराबाई. पाळक आल्या."

नोहा, एस्तेर, इथं थांबा. इंग्रजीत हे तुम्हाला ऐकू येणार नाही, तिथं क्रियापदाला बाई काय आणि पुरुष काय, सारखेच. आम्ही जन्मभर "पाळक आले" ऐकलं. माणूस बदलला, गाव बदललं, तरी पाळक आले. "पाळक आल्या" हे दोन शब्द शेजारी शेजारी उभे असलेले मी आयुष्यात पहिल्यांदा काल ऐकले. चुकलेल्या मराठीसारखे वाटले क्षणभर.

"आईला डोळं न्हवतं पन कान तिखट हुतं," सुनंदा पुढे म्हणाली. "तिनं नीट ऐकलं. जरा थांबली. मग मला म्हनली, आल्या व्हय? मंग उभ्या का ठिवल्यास? उनाचं आल्या असतील, बसाय दे, पानी दे. पाळकीणबाई पानी प्यायल्या. मग त्यांनी समदी वाक्यं म्हनली, पुस्तक न बघता, एकबी न गाळता. भाकर मोडली. आईनं तोंड उघडलं."

तात्या पहिल्या बाकावर होते. आता ते काठी घेऊन चालतात. ते बसल्या जागेवरून वळले. "सुनंदे, मग त्यांनी हे आमाला का न्हाय सांगितलं? मी तोंडावर सरळ इचारलं हुतं."

"तुमी दिलं का ते इचारलं, तात्या," सुनंदा म्हणाली. "कोन आलं हुतं ते इचारलं न्हाय."

बायकांच्या बाजूला कुणीतरी फिसकन हसलं. तात्या मान हलवून म्हणाले, "न्हाय इचारलं, खरं हाय," आणि पुढे तोंड करून बसले. तरुण पाळक काही बोलणार होते, पण ते नुसते बाजूला झाले. आपल्या चर्चमध्ये साक्षीला टाळ्या वाजवत नाहीत. काल वाजल्या.

बाहेर चिंचेखाली मी सुनंदाला गाठलं. "एवढी वर्षं का बोलली नाहीस?"

"पाळकीणबाई म्हनल्या हुत्या, मी फिरती हाय तवर बोलू नको. आता त्यांचं फिरनं झालं."

"अगं, मी तुझ्यासाठी तिच्याशी इतकी भांडत आले..."

"माझ्यासाठी?" तिला खरंच नवल वाटलं. "का बरं, बाई? मला काय कमी पडलं हुतं?"

सगुणा, मला सांगायला काय झालं होतं? इतके शनिवार आपण एका ओट्यापाशी उभ्या होतो. मी तुला वाढपी म्हणून टोचत होते, आणि तू त्या खोलीत उभी राहून जे म्हणाली होतीस ते पोटात ठेवून चपाती लाटत होतीस. मी काय कुणाला सांगितलं असतं?

सांगितलं असतं. दुसऱ्या दिवशी तात्यांना, तिसऱ्या दिवशी बिशपसाहेबांना, इंग्रजीतून, समास सोडून, चार पानं. तुझा लोणीचा बुधवार तिथंच संपला असता. तू मला पुरतं ओळखून होतीस. हिराबाईंना गरज होती त्यांना तू सांगितलंस, सुनंदाला गरज होती तिला सांगितलंस, आणि मला गरज नव्हती, नुसती हौस होती.

आता मात्र मी सांगत सुटले आहे. सकाळी भाजीवालीला सांगितलं, तिनं कोथिंबीर बांधता बांधता नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरोबर बोलल्या की." दुपारी दवाखान्यात जाऊन त्या नर्सला सांगून आले. आता कॅनडाला लिहिते आहे. मला "गप बस जरा" म्हणायला तू नाहीस. किती मोकळं झालं आहे बोलायला, आणि किती वाईट वाटतं आहे.